फोटोची मागची बाजू

दिमापूरला माझी बदली झाली ते १९७१ च्या युद्धाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. दिल्लीत पेटवलेल्या विजय मशाली देशाच्या चारी दिशांना फिरत होत्या, ठिकठिकाणी माजी सैनिकांचे सत्कार चालू होते, आणि आमच्याकडेही जवानांसाठी एक व्याख्यान ठरले. विषय होता पूर्व आघाडीवरची हेलिकॉप्टरे. मी आर्मी एव्हिएशनचा माणूस. खडकवासल्याची तीन वर्षे आणि डेहराडूनचे एक संपवून आधी तोफखान्यात गेलो, मग नाशिकरोडला उडायला शिकलो, आणि पुढची बरीच वर्षे चेतक-चीताच्या काचेतून डोंगर बघण्यात गेली. आता हातात फायली असल्या तरी हेलिकॉप्टरचा विषय निघाला की सगळे माझ्याकडेच बघतात.

व्याख्यानासाठी रात्री जागून फोटो जमवले. मेघना नदीवरून फौज पलीकडे नेली गेली, त्या मोहिमेचा एक फोटो मुद्दाम शेवटी ठेवला होता. हेलिकॉप्टरमधून उतरून पळणारे जवान, मागे उडालेली धूळ. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी हवाई दलातून निवृत्त झालेले एक वयस्क पाहुणे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "छान बोललात. फक्त खोलीवर गेल्यावर त्या शेवटच्या हेलिकॉप्टरची पाती मोजा."

मोजली. पाच होती.

मेघना ओलांडली ती एमआय-४ हेलिकॉप्टरांनी, आणि एमआय-४ च्या डोक्यावर पाती चार. पाच पाती एमआय-८ ला असतात. म्हणजे तो फोटो मेघनेचा असूच शकत नव्हता. मी स्वतः वैमानिक, आणि हॉलभर जवानांसमोर भलतेच यंत्र दाखवून टाळ्या घेऊन मोकळा झालो होतो. कारण अगदी साधे होते. मी फोटो बघितलाच नव्हता, फोटोखालची ओळ वाचली होती.

तेव्हापासून जुने फोटो नीट बघायची सवय लावून घेतली. त्या सवयीमुळे पुढे एक प्रसंग घडला, तो सांगण्यासाठी हा लेख. पण आधी त्या युद्धातल्या हेलिकॉप्टरांची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचे नीट समजेल.

१९७१ मध्ये पूर्व आघाडीवर मुख्यतः दोन प्रकारची हेलिकॉप्टरे होती आणि ती हवाई दल चालवत असे. आमची आर्मी एव्हिएशन कोअर उभी राहिली १ नोव्हेंबर १९८६ ला, म्हणजे युद्धानंतर पंधरा वर्षांनी. त्या दोनांतले मोठे ते सोव्हिएत बनावटीचे एमआय-४. त्याचे पिस्टन इंजिन नाकात बसवलेले असते आणि वैमानिक त्याच्या वर, माडीवर बसल्यासारखा. मागे दुपाखी दार. आत पूर्ण सामानासह डझनभर जवान मावत. पोटाखाली एक लांबट डबीसारखा भाग फोटोत दिसतो. मूळ सोव्हिएत आराखड्यात ती जागा मशीनगनवाल्यासाठी होती.

धाकटे ते अलुएट-३. मूळ आराखडा फ्रेंच, पण बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्याखाली बनू लागले आणि आपल्याकडे चेतक नावाने रुळले. तीन पाती, तीन चाके, काचेचे नाक आणि टर्बाइन इंजिन. इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. एमआय-४ पेट्रोलवर चालते आणि अलुएट केरोसिनच्या जातीच्या इंधनावर. शेजारी शेजारी उभी असली तरी दोघांची पिंपे वेगळी ठेवावी लागतात. फोटोत पिंपे दिसतात, आतले इंधन दिसत नाही. पण त्या पिंपांवर काम केलेल्या माणसाला त्याचा वास जन्मभर आठवतो. हे पुढे कामाला येणार आहे.

तर तीन पाती अलुएट, चार एमआय-४, पाच एमआय-८. एवढे पाठ केले तरी युद्धाच्या फोटोंखालच्या बऱ्याच चुका पकडता येतात.

आपल्याकडची ही हेलिकॉप्टरे मुळात माणसे आणि सामान नेण्यासाठी होती. त्यातल्या एका अलुएटला शस्त्र लावून लढाऊ केले गेले आणि ती गोष्ट थेट दिमापूरची आहे. म्हणूनच मला इथे आल्यावर तिचा नाद लागला. माझ्या ऑफिसपासून विमानतळ फार लांब नाही. आज तिथे प्रवासी विमाने उतरतात. २८ सप्टेंबर १९७१ ला याच धावपट्टीवर बांगलादेशच्या हवाई दलाचा जन्म झाला. पाकिस्तानी हवाई दल सोडून आलेले काही बंगाली अधिकारी आणि एअरमन, काही नागरी वैमानिक, आणि भारताने दिलेली तीन विमाने. एक डकोटा, एक ऑटर आणि एक अलुएट. तुकडीचे नाव किलो फ्लाइट. तिची सगळी जुळवाजुळव जोरहाटच्या हवाई तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन चंदन सिंह यांच्याकडे होती. तुकडीचे नेतृत्व स्क्वाड्रन लीडर सुलतान महमूद यांनी केले. पुढे ते बांगलादेशचे हवाई दल प्रमुख झाले.

त्या अलुएटच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ रॉकेटे बसवली गेली, .३०३ च्या ब्राउनिंग मशीनगन लावल्या गेल्या आणि खालून येणाऱ्या गोळ्यांपासून बचाव म्हणून तळाला एक इंच जाडीचा पोलादी पत्रा जोडला गेला. वाचताना हे वाक्य सहज निघून जाते. वैमानिक मात्र तिथे थांबतो आणि हिशेब करतो. एक इंच जाडीच्या पोलादाचे वजन एका चौरस मीटरला जवळजवळ दोनशे किलो. पूर्ण भार घेऊन उडताना अलुएटचे एकूण वजन २,२०० किलोच्या वर जाता कामा नये, आणि त्यातले अर्ध्याहून अधिक तर रिकाम्या यंत्राचेच. म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे अडीच-तीन माणसांची जागा गेली. त्यात रॉकेटे, बंदुका, दारूगोळा. उरलेल्या वजनात इंधन किती भरायचे, म्हणजे किती लांब जाऊन परत येता येईल, हा हिशेब कुणीतरी कागदावर मांडला असेल, आणि तो चुकला तर परत यायला दुसरी वाट नव्हती.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ला केला आणि युद्ध जाहीर झाले. त्याच मध्यरात्री हे अलुएट त्रिपुरातल्या तेलियामुराहून निघाले. सुलतान महमूद आणि बद्रुल आलम उडवत होते. ढाक्याजवळच्या नारायणगंजला गोदनाइलचा तेलडेपो त्यांनी रॉकेटांनी पेटवला. त्याच रात्री कैलाशहरहून निघालेल्या ऑटरने, शमसुल आलम आणि अक्रम अहमद यांनी, चितगावच्या तेलाच्या टाक्यांवर हल्ला केला. रात्रीच्या अंधारात, खाली नद्याच नद्या असलेल्या मुलखावरून, आजच्यासारखी कुठलीही उपकरणे नसताना चेतक घेऊन जायचे. मी हे यंत्र स्वतः उडवले आहे, म्हणून सांगतो, मी त्या दोघांना मनोमन सलाम करतो.

आता प्रसंगाकडे येतो.

नोव्हेंबर २०२१. साताऱ्याकडच्या एका गावातल्या तरुणाचा निरोप आला. त्याच गावचा एक जवान माझ्याबरोबर पूर्वी होता, त्याच्याकडून नंबर मिळवला होता. "सर, आमचे आजोबा किलो फ्लाइटमध्ये होते. १६ डिसेंबरला गावात त्यांचा सत्कार आहे. फ्लेक्सवर हा फोटो टाकतोय. खाली दोन ओळी तुम्ही लिहून द्याल का?"

सोबत कृष्णधवल फोटो. मागे हेलिकॉप्टर, पुढे गणवेशात सहा जण. डावीकडून तिसऱ्याभोवती लाल गोल, आणि खाली पिवळ्या अक्षरांत 'किलो फ्लाइट, दिमापूर, डिसेंबर १९७१'.

खरे सांगतो, पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. मी दिमापुरात बसलोय आणि साताऱ्याहून दिमापूरचा फोटो येतोय! तीन पाती होती. काचेचे नाक होते. चेतकच होते, शंका नाही. दोन्ही बाजूंना शस्त्रेही दिसत होती. लगेच उत्तर लिहायला घेतले होते, पण पाच पात्यांची आठवण झाली आणि फोन खाली ठेवला. फोटो संगणकावर मोठा केला.

आधी फोटो उलटा छापलेला तर नाही ना, हे पाहिले. निगेटिव्ह उलटी धरली की डावे-उजवे बदलते आणि माणूस भलतेच निष्कर्ष काढतो. पदकांच्या फिती डाव्या छातीवर होत्या. म्हणजे फोटो सरळ होता.

मग शस्त्रे. रॉकेट पॉड म्हणजे एक नळकांडे, समोरून पाहिले तर मधाच्या पोळ्यासारखी गोल भोके. या फोटोत तसे काही नव्हते. दोन्ही बाजूंना आडव्या रॅकवर दोन-दोन अशी चार शस्त्रे होती, सुटी सुटी, आणि प्रत्येकाला मागे चार रुंद पंख. ही रॉकेटे नव्हती. ही एसएस-११ जातीची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे होती. फरक असा, की रॉकेट एकदा सुटले की गेले, ते सरळ रेषेत जाते आणि जिथे नेम धरला तिथे पडते. एसएस-११ आपल्यामागे बारीक तार सोडत जाते आणि शेजारी बसलेला माणूस छोट्या दांडीने त्या तारेतून त्याला वळवतो. त्यासाठी हादऱ्यांतही स्थिर राहणारी दुर्बीण लागते, आणि ती केबिनच्या छपरावर बसवलेली असते. मी छपराकडे पाहिले. दुर्बीण होती.

किलो फ्लाइटच्या अलुएटवर रॉकेटे होती. त्यांना तेलाच्या टाक्या पेटवायच्या होत्या, रणगाडे शोधायचे नव्हते. म्हणजे हे ते हेलिकॉप्टर नाही.

शेवटी माणसे. लाल गोलातल्या तरुणाच्या बाहीवर तीन पट्ट्या होत्या, म्हणजे सार्जंट. मी नातवाला विचारले, आजोबा भरती कधी झाले? उत्तर आले, १९६८. तीन वर्षांत कुणी सार्जंट होत नाही. शिवाय पट्ट्या सोडा, छातीवरच्या फितींची रांग तीन वर्षांच्या एअरमनच्या मानाने फारच भरलेली होती. युद्ध चालू असताना त्याच युद्धाचे पदक कुणाच्या छातीवर नसते.

मी दोन दिवस उत्तर दिले नाही.

त्या दोन दिवसांत मनात काय चालले होते तेही लिहितो, कारण हा प्रश्न यापूर्वी तुमच्यापैकी अनेकांसमोर आला असेल. म्हातारा माणूस. गावचा सत्कार. फ्लेक्स कदाचित छपाईला गेलेला. गावात एसएस-११ आणि रॉकेट पॉडमधला फरक ओळखणारे कोण असणार? दोन गोलगोल ओळी लिहून दिल्या असत्या तर सगळे खूश झाले असते. आणि खरे सांगितले तर? नातवंडांना वाटणार, आजोबा इतकी वर्षे खोटे सांगत आले. एका सैनिकाच्या पदरात सत्तरी उलटल्यावर हे टाकायचे?

दुसऱ्या बाजूला माझे ते व्याख्यान होते. त्यातला चुकीचा फोटो कुणीतरी असाच, कुणाचे काय बिघडते म्हणून, पहिल्यांदा पुढे पाठवला असणार.

तिसऱ्या दिवशी नातवाला एवढेच लिहिले, "फोटोची मागची बाजू पाठवता का?"

"सर, तो फ्रेममध्ये आहे. भिंतीवरून काढावा लागेल."

"काढा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागची बाजू आली. पिवळट पडलेला कागद, कोपऱ्यात स्टुडिओचा जांभळा शिक्का, आणि निळ्या शाईत, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात: 'दिवाळी १९७८', खाली तळाचे नाव आणि सहा जणांची नावे डावीकडून उजवीकडे. तळाचे नाव इथे देत नाही, पण ते दिमापूर नव्हते. तिसऱ्या जागी नाव नव्हते. तिथे लिहिले होते 'मी'.

आजोबांनी काहीच खोटे सांगितले नव्हते. त्यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी सगळे खरे लिहून ठेवले होते, आणि आपण ते फ्रेमच्या आत बंद करून भिंतीला लावले होते. पिवळी ओळ घरातल्याच कुणीतरी काही वर्षांपूर्वी मोबाइलवर टाकलेली. आजोबा हवाई दलात होते, हेलिकॉप्टरवर होते, ७१ ला पूर्वेला होते, एवढे घरात माहीत होते. बाकीचे इंटरनेटने जोडून दिले.

मी आजोबांशी बोलायची परवानगी मागितली. घरात त्यांना तात्या म्हणतात. रविवारी सकाळी फोन लावला.

"जय हिंद साहेब," पलीकडून खणखणीत आवाज आला.

"जय हिंद. मला साहेब नका म्हणू काका. मी बालवाडीत जायच्या आधीची तुमची सर्व्हिस आहे."

हसले. थोडे घरचे, पावसाचे, उसाचे बोलणे झाले. मग मी विचारले, "काका, ७१ ला कुठे होता तुम्ही?"

"एमआय-फोरवर. इंजिन फिटर. आगरतळ्याला होतो."

"मग हा फोटो?"

"तो नंतरचा. चांगला स्टुडिओवाला आणला होता बघा दिवाळीला."

"पोरांनी खाली किलो फ्लाइट लिहिलंय."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघितलं मी. एक-दोनदा म्हणालो, अरे तसं नाही ते. पण पोरं इतकी खूश होती. आणि माझ्याकडं ७१ चा एकबी फोटो नाही साहेब. दाखवू काय? रात्रीचं काम सगळं. कोण फोटो काढतंय?"

मग ते बोलू लागले आणि मी फक्त ऐकत राहिलो. एमआय-४ चे इंजिन चौदा सिलिंडरचे. तोंडात टॉर्च धरून दोन्ही हात आत घालायचे. पिंपातून हातपंपाने पेट्रोल भरायचे. "अंगाला पेट्रोलचा वास इतका, की जेवताना भाताला पण तोच. अजून गाडीत पेट्रोल भरताना नाकात वास गेला की आगरतळा दिसतं." हेलिकॉप्टरे गेली की खाली काम काहीच नसायचे. अंधारात बसून आवाज ऐकायचा. "गेलेली मोजायची, आलेली मोजायची. आकडा जुळला की चहा."

मला जे हवे होते ते सगळे या दोन वाक्यांत होते. टर्बाइनच्या हेलिकॉप्टरवर काम करणारा माणूस पेट्रोलच्या वासाची आठवण सांगत नाही. तात्यांची साक्ष कुठल्याही फोटोपेक्षा पक्की होती.

त्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी काय केले हे थोडक्यात सांगायला हवे, कारण तात्यांनी स्वतः ते सांगितले नाही. ७ डिसेंबरला त्यांनी ४/५ गोरखा रायफल्सला सिल्हेटजवळ उतरवले. आपल्या सैन्याची ही पहिली हेलिबोर्न मोहीम. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर, आपले मराठी अधिकारी, ज्यांना पुढे महावीरचक्र मिळाले. समोर कितीतरी मोठी शिबंदी असताना ही पलटण शत्रूच्या शरणागतीपर्यंत तिथे टिकून राहिली.

दोनच दिवसांनी मेघना. चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंह नदीपर्यंत पोहोचले तेव्हा आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी फौजेने ९ डिसेंबरला उडवून दिला होता. मेघना म्हणजे आपली कृष्णा-कोयना नव्हे. पावसाळा संपल्यावरही पलीकडचा काठ लांबच दिसतो. पूल नाही तर हेलिकॉप्टर, असे ठरले. ४ गार्ड्सचे जवान एमआय-४ मधून नदीपलीकडे रायपुऱ्याला उतरू लागले आणि रात्रभर फेऱ्या चालू राहिल्या. उतरायची जागा टॉर्चच्या उजेडात दाखवली जात होती. तिथून नरसिंगदी आणि मग ढाक्याची वाट. पुलाच्या भरवशावर बसलेल्या शत्रूचे गणित तिथेच चुकले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या मोहिमेची जुळणीही चंदन सिंह यांच्याकडेच होती आणि त्यांना महावीरचक्र मिळाले.

आता विचार करा. नारायणगंजचा हल्ला मध्यरात्रीचा. मेघनेच्या कितीतरी फेऱ्या रात्रीच्या. तेव्हाच्या कॅमेऱ्याला लागायचा उजेड. फ्लॅश मारायची सोय नव्हती, कारण शत्रू पलीकडच्या काठावर. म्हणजे या युद्धात हेलिकॉप्टरांनी जे सगळ्यांत मोठे काम केले, त्यातले बहुतेक काम कॅमेऱ्यासमोर झालेच नाही. फोटो आहेत ते दिवसाचे, थांबलेल्या यंत्राचे, पुढे रांगेत उभ्या माणसांचे. ती रिकामी जागा आपल्याला सहन होत नाही. मग आपण एमआय-८ चा फोटो मेघनेवर लावतो आणि दिवाळीतला चेतक दिमापूरला नेऊन उभा करतो. हेतू वाईट नसतो, उलट प्रेमच असते. पण त्या प्रेमापोटी आपण तात्यांना किलो फ्लाइटमध्ये घातले, आणि त्यामुळे ते मेघनेवरच्या इंजिनांचे फिटर होते हे पन्नास वर्षे कुणी विचारलेच नाही. उसन्या मोठेपणाखाली त्यांचे स्वतःचे मोठेपण झाकले गेले. किलो फ्लाइटच्या खऱ्या फिटरांवरही हा अन्यायच. त्यांची जागा आपण फुकट दुसऱ्याला दिली.

नातवाला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, गावात सगळ्यांना किलो फ्लाइट म्हणून सांगून झालंय. आता काय सांगू?"

"तात्यांना विचार, काय सांगायचं ते."

चार दिवसांनी नवा फ्लेक्स आला. वर तात्यांचा आताचा फोटो, फेटा बांधलेला. खाली छोटा, १९७८ चा, आणि त्याखाली तात्यांनी मागे लिहिलेले शब्द जसेच्या तसे. सहाही नावे. 'मी' च्या जागी फक्त त्यांचे नाव घातले होते. माझ्याकडून मागितलेल्या दोन ओळी मी अशा लिहिल्या: 'डिसेंबर १९७१. मेघना नदीवरून आपली फौज पलीकडे नेणाऱ्या एमआय-४ हेलिकॉप्टरांची इंजिने ज्या हातांनी रात्र जागून चालू ठेवली, त्यांतले दोन हात आपल्या गावचे.'

१६ डिसेंबरला नातवाने व्हिडिओ पाठवला. शाळेचे मैदान, लाऊडस्पीकरची घरघर. तात्या पाच-सात मिनिटे बोलले. पेट्रोलचे, टॉर्चचे, आवाज मोजायचे. शेवटी एका लहान मुलीने विचारले, "आजोबा, आकडा जुळला नाही तर काय करायचा?"

तात्या म्हणाले, "जुळेपर्यंत बसून राहायचो."

मैदानावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने वाजल्या.

माझ्या व्याख्यानात आता मेघनेच्या जागी फोटो नाही. तिथे एक पूर्ण काळी स्लाइड आहे. जवान आधी प्रोजेक्टरकडे बघतात, त्यांना वाटते बल्ब गेला. मग मी तात्यांचे नाव न घेता त्यांची गोष्ट सांगतो.

हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना एक विनंती. आज ट्रंक उघडा. फोटो फ्रेममधून बाहेर काढा आणि उलटे करा. मागे काही लिहिले असेल तर पुढच्या बाजूबरोबर त्याचाही फोटो काढून ठेवा. काही लिहिले नसेल तर मऊ पेन्सिलीने, न दाबता, लिहा: साल, ठिकाण, डावीकडून उजवीकडे नावे, मागे दिसते ते यंत्र कोणते, फोटो कुणी काढला. बॉलपेन नको, त्याची रेघ पुढे उमटते. जे आठवत नाही ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. फोटोवरच अक्षरे टाकू नका आणि रंग भरू नका.

आणि ज्या रात्रीचा फोटोच नाही, ती एका साध्या कागदावर लिहून त्याच ट्रंकेत ठेवा. कधीतरी कुणीतरी विचारायला येईल.

जय हिंद.